पट्टी कोणाची, मत कोणाचं

दर्यापूर-बनोसा नगर परिषदेची हद्द संपली की कपाशीची वावरं लागतात. त्यातल्या बऱ्याच वावरांत गेल्या काही वर्षांत सिमेंटचे खुंटे उभे राहिले. आधी खुंटे, मग चुरी टाकलेले रस्ते, मग एखाद्या संताच्या नावाची कमान, आणि सगळ्यात शेवटी घरं. इथे राहणाऱ्यांत शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, खेड्यातली शेती ठोक्यानं देऊन मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला आलेलेही आहेत. कागदावर ही वस्ती शेजारच्या ग्रामपंचायतीत मोडते, पण मनानं ती शहरात असते. घरपट्टी ग्रामपंचायतीला, विजेचं बिल महावितरणला, पाण्याचं बिल महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या प्रादेशिक योजनेचं. रस्ता, नाली आणि बाभळी माजलेली ‘ओपन स्पेस’ यांना मात्र धनी नाही. ले-आऊट पाडणारा शेवटचा प्लॉट विकून मोकळा झालेला असतो.

अशाच एका ले-आऊटमधल्या माझ्या स्नेह्यांनी एक मसुदा लिहिला. आयुष्यभर त्यांनी एका नगर परिषदेच्या वसुली विभागात काढलं, त्यामुळे कलमं घालून लिहायची सवय आहे. ‘प्लॉटधारकांची स्वतंत्र संस्था, स्वतंत्र पट्टी, स्वतंत्र कारभार’ असा विषय होता. नेमकी त्याच आठवड्यात त्यांची भाची आली. ती अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळ केटीला राहते आणि मामांनी जे कागदावर मागितलंय ते तिथे कायद्यानं भरते. पुढचं बोलणं त्यांच्या परवानगीनं देतो आहे, नावं वगळून. मामी मधे बोलणार नव्हत्या. बोलल्या ते बरं झालं.

मामा: पाय बाई, माह्यं सांगनं साधं हाय. ग्रामपंचायतीत मानसं किती? एक ग्रामसेवक, त्याच्याकडं दुसरं गाव बी. एक वसुलीवाला, एक शिपाई. त्याईनं गावठान पाहावं का आमचा ले-आऊट? गावातले म्हंतात, तुमी शहरातले, तुमचं तुमी पाहा. नगर परिषद म्हंते, तुमी हद्दीच्या बाहेर. मंग आपला कारभार आपुन केला तं कोनाचं काय गेलं?

भाची: करा ना. पण तुम्ही पुढे लिहिलंय की सरकारनं अशा संस्थेला कर लावायचा अधिकार द्यावा. नुसती वर्गणी नाही, कर.

मामा: वर्गनी कोन देते? गनपतीले देतात, नालीले नाई देत. तीस वर्सं वसुली केली मी. ज्याच्या मागं जप्ती नाई ते पट्टी नसते, दान असते. सहकार कायद्यात सोय हाय, 1960 च्या. गृहनिर्माण संस्थेची थकबाकी महसुली थकबाकीसारखी वसूल करता येते. पन संस्थेले रस्ता आपला म्हनता येत नाई, पान्याची लाइन आपली म्हनता येत नाई. तुमच्याकडं तं पुरी सरकारच बनवून देतात म्हने, एका कॉलनीचं एक.

भाची: बनवून देतात. कसं बनवतात ते ऐका. शहराच्या हद्दीबाहेर कोणी बिल्डर गुरं चारायचं मोठं रान घेतो. शहर म्हणतं, आमची पाण्याची लाइन तिकडे येणार नाही. मग तो राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे अर्ज करतो की इथे ‘म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट’ करा. आम्ही नुसतं ‘मड’ म्हणतो. ह्यूस्टनच्या आसपास असे शेकड्यांनी आहेत. पाणी, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा एवढंच त्याचं मुख्य काम. बिल्डर पाण्याची टाकी, शुद्धीकरण केंद्र, गटारं, पावसाचं पाणी साठवायची तळी बांधतो. घरं विकली जायला लागली की डिस्ट्रिक्ट कर्जरोखे काढतं आणि त्या पैशातून बिल्डरचा खर्च परत करतं. ते कर्ज फेडायचं राहायला आलेल्यांनी, पंचवीस-तीस वर्षं, घराच्या किमतीवर कर देऊन.

मामा: म्हंजे बिल्डर बांधून पयत नाई, कर्ज काढून बांधून देते अन् रायनारा फेडते. यात चूक काय? इथं तं बांधल्याबिगर पयते.

भाची: चूक नाही. पण कर्ज काढायला मतदान लागतं. आणि रान तर रिकामं. मतदार कुठून आणायचे?

मामा: कुठून?

भाची: रानात चाकांवरची एक-दोन घरं नेऊन ठेवतात. त्यात एखाद-दोन माणसं राहायला आणतात, त्यांची मतदार म्हणून नोंद होते, आणि निवडणुकीच्या दिवशी ती दोन-तीन माणसं कोट्यवधी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी देतात. सगळं कायदेशीर. तिथल्या वर्तमानपत्रांनी कितीदा छापलंय. मी घर घेतलं तेव्हा माझ्या वाट्याचं कर्ज आधीच ठरलेलं होतं, आणि ते ज्यांनी ठरवलं ती माणसं कधीच निघून गेली होती.

(इथे मामा हसले. वसुलीतल्या माणसाला युक्तीचं कौतुक वाटतं, मग ती कोणाच्याही विरुद्ध असो.)

मामा: पन पानी येते?

भाची: येतं.

मामा: रोज?

भाची: चोवीस तास.

मामा: मंग सांगनं संपलं तुह्यं.

भाची: नाही संपलं. त्या डिस्ट्रिक्टचे पाच संचालक असतात, निवडून द्यायचे. बहुतेक वेळा पाच जागांना पाचच अर्ज येतात आणि निवडणूक होतच नाही. आणि झाली तरी मला मत नाही. मी नागरिक नाही, कामाच्या परवान्यावर आहे. आमच्या गल्लीत अर्धी घरं भारतीयांची. कर भरायला नागरिकत्व लागत नाही, मत द्यायला लागतं.

मामा: थे तं देशाचा नियम झाला. डिस्ट्रिक्टचा काय दोष?

भाची: मग फ्लोरिडाचं घ्या. माझी नणंद तिकडे असते. तिथे 1980 चा कायदा आहे, असंच डिस्ट्रिक्ट, नाव वेगळं. सुरुवातीला तिथे माणसाला मत नसतं, जमिनीला असतं. एका एकराला एक मत. म्हणजे बिल्डरच सगळ्या संचालकांना निवडून देतो. सहा वर्षं व्हायला हवीत आणि अडीचशे मतदार राहायला यायला हवेत, तेव्हा कुठे रहिवाशांना मत मिळायला लागतं. तोवर पुढच्या तीस वर्षांचं सगळं ठरून गेलेलं असतं.

अमेरिकेत अशा एका-एका कामापुरत्या स्थानिक संस्था 2017 च्या सरकारी गणनेत अडतीस हजारांवर भरल्या. त्यांत शाळांची डिस्ट्रिक्टं धरलेली नाहीत, ती आणखी वेगळी. भाचीच्या घराच्या करपत्रावर काउंटी, शाळा, पूर नियंत्रण, सार्वजनिक रुग्णालय, बंदर आणि तिचं ‘मड’ अशी सगळी नावं ओळीनं येतात आणि प्रत्येकापुढे वेगळा दर असतो. मामांना हे फार आवडलं. दर वेगळा, तर हिशेब वेगळा, असं त्यांचं म्हणणं. नगर परिषदेत सगळा पैसा एका पेटीत जातो आणि नालीचा पैसा स्वागत कमानीत निघतो, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. माझ्या मते त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि भाचीनं त्याला शेवटपर्यंत नीट उत्तर दिलं नाही.

मामा: अन् हे अमेरिकेनं शिकवावं असं बी नाई. एका कामाले एक मंडळ, हे वऱ्हाडानंच देशाले शिकवलं. कापसाचा बाजार कोनी सुरू केला? कारंज्याले, 1886 साली, हैदराबादच्या रेसिडेन्टच्या हुकमानं. मंग 1897 ले वऱ्हाडापुरता कापूस अन् धान्य बाजाराचा कायदा झाला. कमेटी नेमली, वजनं तपासली, बाजाराची फी बाजारावरच खर्च झाली. त्या कमेटीनं शाळा चालवली नाई, दवाखाना चालवला नाई. तराजू पाह्यला फक्त. पुढं 1928 ले शाही कृषी आयोगानं सांगलं, असे बाजार देशभर करा. आपल्या दर्यापूरची बाजार समिती काय हाय मंग? तुह्या टेक्सासवाल्याच्या आधीचं हाय हे.

भाची: आणि त्या बाजार समितीत मत कोणाला असतं?

मामा गप्प झाले, कारण त्यांना माहीत होतं. 1963 च्या कायद्याखाली बाजार समितीचे बहुतेक संचालक निवडतात ते सेवा सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांवरचे लोक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य. व्यापारी-अडत्यांचा गट वेगळा, हमाल-मापाड्यांचा वेगळा. ज्याचा कापूस गाडीतून उतरतो त्या साध्या शेतकऱ्याला थेट मत नाही. 2017 मध्ये राज्य सरकारनं किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्यांना मत दिलं, 2020 मध्ये पुढच्या सरकारनं ते काढून घेतलं. देताना कारण लोकशाही होतं, काढताना निवडणुकीचा खर्च. दोन्ही वेळा शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही.

भाची: म्हणजे तराजू चोख, पण तराजू धरणारा कोण हे ज्याचं वजन होतंय त्यानं ठरवायचं नाही.

मामा: तराजू चोख हाय ना पन! तू मताच्याच मागं लागली. ग्रामपंचायतीत मत हाय माह्यापाशी. सरपंच बी थेट निवडतो आमी. नाली झाली का? घटनेची 73 वी दुरुस्ती झाली, अकराव्या परिशिष्टात एकोनतीस विषय देले पंचायतीले, पिन्याचं पानी त्यात हाय. 74 वी झाली, बाराव्या परिशिष्टात अठरा विषय नगर परिषदेले, पानी त्यातबी हाय. अन् अमरावतीत जाऊन पाय, महानगरपालिका 1983 पासून हाय, पानी कोन देते? प्राधिकरन. अप्पर वर्ध्याचं पानी सिंभोऱ्याहून आनून देते. काऊन? इंजिनेर त्याईच्याजवळ हाय. विषय देल्यानं पानी येत नाई, इंजिनेर लागते.

भाची: आणि अमरावतीकरानं नगरसेवकाला विचारलं की पाणी का नाही आलं, तर तो काय सांगणार?

मामा: प्राधिकरनाले विचारा.

भाची: आणि प्राधिकरणाचं मंडळ कोण नेमतं?

मामा: राज्य सरकार.

भाची: म्हणजे अमरावतीत पाण्याबद्दल मत द्यायचं असेल तर विधानसभेच्या निवडणुकीपर्यंत थांबायचं.

नागपूरकरांना हा गुंता जास्त ठाऊक आहे. तिथे नागपूर सुधार प्रन्यास 1936 च्या कायद्यानं आली. काम एकच, शहराची आखणी आणि सुधारणा. महानगरपालिका आली तरी ती राहिली. एकाच शहरात काही ले-आऊट एकाचे, काही दुसऱ्याचे, आणि अनधिकृत ले-आऊट नियमित करायचे अर्ज इकडून तिकडे. तिच्या बरखास्तीचा निर्णय झाला, मग तो फिरवला गेला. आपल्या चिखलदऱ्यात थंड हवेच्या ठिकाणाच्या नियोजनासाठी सिडको विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून आली, तीच सिडको जी 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला जन्मली. समुद्रकाठचं शहर वसवणारी कंपनी मेळघाटच्या कड्यावर. एका कामासाठी केलेली संस्था काम संपलं की मोडत नाही, दुसरं काम शोधते. हे मी मामांना म्हटलं. ते म्हणाले, ‘थे तं मानसाचंबी असंच असते.’

इथवर मामी चहाचे कप घेऊन आत-बाहेर करत होत्या. त्यांचं माहेर पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ नऊशे गावं या पट्ट्यात येतात. तिथली विहीर खोदली तरी खारट, बोअर मारली तर जास्त खारट. मूतखडा आणि किडनीच्या आजाराची घरं मोजायला लागत नाहीत.

मामी: मी बोलू का?

मामा: बोल ना.

मामी: माह्या मायच्या घरी डाय शिजत नव्हती. विहिरीच्या पान्यात घातली का तशीच राहे, दगडावानी. पाहुना आला का चहा फाटे. लग्नाच्या टायमाले माह्या बापानं पानी बैलगाडीनं आनलं व्हतं, टिप भरून, स्वयंपाकाले. मंग शहानूर धरनाची योजना आली. सातपुड्याचं पानी पाइपातून खाली. अंजनगाव, दर्यापूर ही दोन गावं अन् बाकी सारे खेडे. माह्या माहेरच्या गावात गोड पानी आलं तवा बायाईनं टाकीपाशी नारळ फोडला.

भाची: दीडशेच्या वर गावं आहेत ना त्या योजनेत?

मामी: असतीन. अन् माह्यं माहेर शेवटी. पानी वरून येते, आधी वरच्याईले. वरचे लोक नळाले टिल्लू पंप लावतात, मंग खाली पाइपात हवा येते. माही भाऊजय रात्री उठून भरते. आता तुमचे मामा म्हंतात, आमच्या ले-आऊटले येगळी टाकी पायजे, येगळी लाइन पायजे, आमी येगळी पट्टी देतो. देतीन. पैसे हाय. मंग तुमची टाकी भरल्यावर माह्या भाऊजयच्या गुंडात काय येईन?

(मामा काही बोलायला गेले, मामींनी हात केला.)

मामी: थांबा. तुमीच सांगत व्हते ना, अशा योजनेत वसुली शहरात होते अन् थकबाकी खेड्यात रायते. शहरातल्याईच्या बिलावरच चालते मोठी योजना. तुमी येगळे झाले, दुसरा ले-आऊट येगळा झाला, तिसरा झाला, तं बिल भरनारे सारे येगळे झाले. मंग योजनेत राह्यलं कोन? ज्याईच्यापाशी द्यायले नाई थे.

या प्रश्नानंतर चर्चेचा रोख बदलला. तोवर मामा आणि भाची ‘एक काम की सगळी कामं’ आणि ‘मत की इंजिनिअर’ यावर भांडत होते. मामींनी विचारलं ते वेगळंच होतं: हद्द कुठे आखायची? मला वाटतं, सगळा वाद तिथेच आहे. एका कामाची संस्था वाईट नसते. तिची हद्द त्या कामाच्या हद्दीशी जुळली तर ती फार उपयोगी पडते. अकोट-तेल्हाऱ्याकडची चौऱ्याऐंशी खेडी वान धरणाच्या एका पाइपावर आली, त्या योजनेची हद्द पाण्यानं आणि गरजेनं ठरवली. लोक अजून ‘चौऱ्याऐंशी खेडी’ असंच म्हणतात, जणू तो एक परगणाच आहे. ले-आऊटच्या संस्थेची हद्द मात्र प्लॉट घेण्याच्या ऐपतीनं ठरते. तिच्या कमानीच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकाच धरणाचं असतं.

भाचीनं याला तिच्याकडची गोष्ट जोडली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

भाची: मामी, 2017 मध्ये ऑगस्टात हार्वे वादळ आलं. मी नुकतीच गेले होते तिकडे. प्रत्येक ‘मड’नं आपापली तळी खोदलेली, आपापल्या कॉलनीचं पाणी बाहेर काढायची चोख सोय. पण बाहेर म्हणजे कुठे? पुढच्या कॉलनीत, पुढच्या नाल्यात. आमच्या भागात बार्कर आणि ॲडिक्स ही दोन जुनी धरणं आहेत, लष्कराच्या अभियंत्यांची, एरवी कोरडी असतात. त्यांच्या पाणफुगीच्या जागेत कॉलन्या बसल्या होत्या. प्रत्येक कॉलनीला डिस्ट्रिक्ट होतं, संचालक होते, कर होता. त्या आठवड्यात त्यातला एकही संचालक काही करू शकला नाही. पाणी हद्द बघून थांबत नाही. उपयोगी पडलं ते काउंटीभरचं पूर नियंत्रण डिस्ट्रिक्ट. तेही एका कामाचंच, 1937 चं, पण सगळे नाले त्याच्या ताब्यात. वर्षभरानं, 2018 मध्ये, लोकांनी त्याच्यासाठी अडीच अब्ज डॉलरचे रोखे मतदानानं मंजूर केले. कर वाढणार हे माहीत असून.

मामा: तू तं माह्याच बाजूनं बोलून रायली! एका कामाचं मंडळ.

भाची: मंडळ तुमच्या बाजूचं, हद्द मामीच्या.

मामा: बरं. पन मामीले एक सांग. गोड पानी आलं थे काय ग्रामपंचायतीनं आनलं? प्राधिकरनानंच ना? त्या मंडळात मत नाई कोनाले, तरी आनलं.

मामी: मी कवा म्हनलं मंडळ नोको? मंडळ पायजे. शेवटच्या गावाची बाई त्यात पायजे.

मामा: थे कसं होईन? पाइपाचं शास्त्र तिले...

मामी: पाइपात पानी नाई हे समजाले शास्त्र लागत नाई.

यावर मामांनी सांगितलं ते खरं आहे: राज्यात जलस्वराज्य प्रकल्पापासून, म्हणजे 2003 पासून, गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असायलाच हव्यात असा नियम आला. लोकवर्गणी दहा टक्के, ठेका समितीनं द्यायचा, हिशेब ग्रामसभेपुढे. पुढे 2019 च्या जल जीवन मिशननं माणशी रोज 55 लिटरचं उद्दिष्ट ठेवताना समितीचा हाच साचा घेतला. म्हणजे गावापुरती एका कामाची संस्था आपल्याकडे आहे, ग्रामसभेची उपसमिती म्हणून, तिच्याच पोटात. पण ही समिती गावाच्या वेशीपर्यंत. वेशीबाहेरचा मुख्य पाइप, जो दीडशे गावांचं भवितव्य ठरवतो, त्यावर कोणत्याच गावच्या समितीचं काही चालत नाही. खाली समिती, वर मंडळ, मधे कोणी नाही. शेवटच्या गावच्या समितीनं पहिल्या गावच्या समितीशी कुठे बसून बोलायचं, याची जागाच कोणी बनवलेली नाही. सिंचनात तशी जागा थोडीफार आहे. 2005 च्या कायद्यानं कालव्यावरच्या पाणी वापर संस्था आणि त्यांच्या वरचे संघ सांगितले, शेवटच्या शेताला आधी पाणी देण्याचा विचारही त्यात आहे. प्यायच्या पाण्याला नाही.

मामा अर्थातच इतक्यावर हटले नाहीत. हद्द मोठी केली की कारभार लांब जातो, हे त्यांचं म्हणणं, आणि वसुलीतल्या माणसाला लांबचा कारभार म्हणजे काय ते कळतं. त्यांनी सरळ विचारलं: ‘माह्या घरासमोरच्या नालीले दीडशे गावाचं मंडळ कायले पायजे?’ बरोबर आहे. नालीला नाही लागत. नाली, गल्लीचा दिवा, ओपन स्पेसमधली बाभूळ ही कामं कमानीच्या आतच संपतात. त्यांच्यासाठी ले-आऊटची संस्था असावी, वर्गणी असावी, हिशेब वेगळा असावा. मी तर म्हणेन की अशी संस्था असलेल्या वस्तीत ग्रामपंचायतीलाही काम करणं सोपं जातं, कारण बोलायला कोणीतरी असतं. पाणी मात्र त्या यादीतून काढावं लागेल.

भाचीनं मधेच एक जुना दाखला काढला. तो तिनं शाळेत पाठ केला होता, तेव्हा त्याचा या विषयाशी संबंध आहे असं तिला वाटलं नसेल. 1928 मध्ये पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या.

भाची: मामा, प्रत्येक विहिरीची वेगळी कमिटी असती, विहिरीचा खर्च देणाऱ्यांची, तर ती विहीर उघडली असती?

मामा: नसती उघडली.

भाची: का?

मामा: काऊन का? खर्च देनारे सारे एकाच आळीतले. हे मले सांगतेस? माह्या आजोबाच्या गावच्या विहिरीवर मी पाह्यलं हाय.

थोडा वेळ त्यांनी मसुद्याकडे पाहिलं. मग पेन काढून पाण्याचं कलम खोडलं आणि त्याऐवजी एक ओळ लिहिली: प्रादेशिक योजनेच्या मुख्य पाइपावरच्या सगळ्या गावांच्या समित्यांची वर्षातून दोनदा एकत्र बैठक व्हावी, आणि त्या बैठकीपुढे कोणत्या गावाला किती पाणी पोचलं याचं पत्रक ठेवावं, असा ठराव ग्रामसभेनं करून पंचायत समितीकडे पाठवावा. वसुलीवाल्याची नजर पत्रकावर गेली, ठरावाच्या भाषेवर नाही, हे मला आवडलं. पत्रक आलं की भांडण आकड्यांवर होतं.

भाची: आता सातवं कलम वाचा.

मामा: ‘संस्थेच्या सभेत प्रत्येक प्लॉटमागे एक मत राहील.’

भाची: एका प्लॉटला एक. म्हणजे तीन प्लॉट घेऊन ठेवलेल्या डॉक्टरला तीन?

मामा: पट्टी तीन प्लॉटची भरन तो.

भाची: हे फ्लोरिडाच झालं. एकर तिथे मत.

मामा: सहकार कायद्यात एक सभासद एक मतच हाय, कलम 27. चुकून लिहिलं.

भाची: चुकून नाही लिहिलं तुम्ही.

मामा: बरं, एक सभासद एक मत. झालं?

मामी: अन् भाडेकरू?

मामा: कोन भाडेकरू?

मामी: आपल्या वरच्या मजल्यावरची ते मास्तरीन. चार वर्सं झाले रायते. दिवा गेला तं फोन तीच करते. सरपंचाच्या निवडनुकीत तिले मत हाय, तुमच्या संस्थेत नाई. अन् ज्याईचे प्लॉट रिकामे हाय, पुन्याले रायतात, पायाले बी येत नाई, त्याईले हाय.

मामा: पट्टी मालक भरते.

मामी: अन् मालकाले कोन भरते? भाड्यातून जाते ना थे.

मामा: भाडेकरूले मताचा सभासद करता येत नाई कायद्यानं. मालकीचा कागद लागते.

भाची: मग कायद्यानं जे करता येत नाही तेच ग्रामसभेत करता येतं. तिथे ती मत देते. म्हणजे दिव्याचं आणि नालीचं तुमच्या संस्थेत ठरवलंत तर तिचं मत जाईल, ग्रामपंचायतीकडे ठेवलंत तर राहील.

मामा: अन् ग्रामपंचायतीकडं ठेवलं तं दिवा जाईन.

कोणी हसलं नाही, कारण मामा विनोद करत नव्हते. मसुद्याच्या सातव्या कलमापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: ‘भाडेकरूंस सभेस बोलावणे, मत नाही, परंतु म्हणणे नोंदवून घेणे.’ मामींनी चष्मा लावून ते वाचलं आणि ‘परंतु’च्या पुढचं सगळं खोडायला सांगितलं. मामा म्हणाले, मग उरतं काय. मामी म्हणाल्या, मत नाही एवढं उरतं, तेवढंच खरं आहे तर तेवढंच लिहा, म्हणजे मास्तरीणबाईला सभेला यायचं की नाही ते तिचं तिला ठरवता येईल.